आकडा बरोबर होता

श्रावण लागला की एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, पहाटे साडेपाच वाजता, मी साताऱ्यात समर्थ मंदिरापाशी रेनकोट चढवून उभी असते. ज्याची पाळी असेल तो गाडी घेऊन येतो, यवतेश्वराचा घाट चढून आम्ही कासच्या रस्त्याला लागतो आणि त्या भागातल्या लहानमोठ्या पठारांपैकी एका पठारावर उतरतो. पठाराचे आणि त्याखालच्या गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाव कळले की फुलांच्या दिवसांत तिथेही गाड्यांची रांग लागेल अशी गावकऱ्यांना भीती वाटते आणि ती रास्त आहे. आम्ही फुले पाहायला जात नाही, निदान वहीत तरी तसे लिहिलेले नाही. आम्ही जातो ते पठारावर चरणारी गुरे बघायला. ती किती आहेत, कुठे चरत आहेत, एखादे लंगडते आहे का, कोणाचे डोळे गळताहेत का, आणि फुलांच्या पाणथळ भागात त्यांचे खूर किती उमटले आहेत, एवढे पाहून टिपून ठेवायचे असते.

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. त्या काळात 'अभ्यास केला नाहीस तर गुरे वळावी लागतील' हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण माझ्या भाच्याकडे तो असावा. मी या कामाला लागल्याचे कळताच त्याने फोन करून विचारले, "मावशी, तुझा अभ्यास नेमका कुठे कमी पडला?"

कल्पना मुळात त्याच्या आईची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची. ती दक्षिण इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात राहते आणि तिथल्या एका राखीव हीथवर आठवड्यातली एक सकाळ गुरे तपासायला जाते. हीथला मराठीत नेमका शब्द नाही. वाळूमिश्रित, आम्लधर्मी, निकस जमिनीवरचा तो झुडपी माळ असतो. गुडघ्याएवढ्या हीदरच्या झुडपांनी तो ऑगस्टमध्ये जांभळा होतो आणि मधूनमधून गॉर्सची काटेरी, पिवळ्या फुलांची जाळी असतात. माळरान म्हणावे तर तिथे पाऊस आणि धुके भरपूर, आणि जंगल म्हणावे तर झाडे नाहीत. हा माळ माणसानेच केलेला आहे. हजारो वर्षांपूर्वी झाडे तोडून, मग पिढ्यानपिढ्या गुरे चारून आणि सरपण कापून तो उघडा राहिला. इंग्लंडमधल्या सखल भागातल्या हीथपैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग १८०० सालापासून नाहीसा झाला. काही नांगराखाली गेला, काही लागवडीच्या पाइनखाली, काही घरांखाली. उरला त्यावरची चराईही विसाव्या शतकात हळूहळू बंद पडली, कारण दोन-चार गुरे बाळगून सामायिक माळावर चारणारी माणसे दुसऱ्या धंद्यांना लागली. गुरे गेली तशी बर्चची आणि पाइनची रोपटी वर आली, ब्रॅकन नावाचे नेचे पसरले आणि हीदर त्याखाली दबू लागली.

आता तिथल्या निसर्गसंस्था हीथवर पुन्हा गुरे सोडतात. गॅलोवे, हायलँड अशा काटक, केसाळ जातींची ही गुरे दुभत्या गाई ज्याला तोंड लावणार नाहीत असे राठ गवतही खातात, आणि त्यांच्या पायांखाली नेच्याची वाढ मोडते. डॉर्सेटमधल्या पर्बेक भागातल्या अशा जमिनी एकत्र जोडून २०२० मध्ये ३,३०० हेक्टरांहून मोठे राष्ट्रीय निसर्गक्षेत्र जाहीर झाले. मात्र गुरे आली तरी गुराखी परत आला नाही. मालक दहा-वीस मैलांवर राहतो, आणि जनावरांना रोज कोणीतरी बघितलेच पाहिजे, म्हणून स्वयंसेवक लागतात. त्यांना तिथे 'लुकर' म्हणतात, म्हणजे बघणारा. रॉम्नी मार्श नावाच्या दलदलीच्या प्रदेशात पूर्वी मेंढ्या राखणाऱ्या पगारी माणसांना हेच नाव होते.

बहिणीने तिची तपासणीची यादी मला फोटो काढून पाठवली होती. आधी मोजणी, मग कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक. तिथल्या प्रत्येक गाईला पासपोर्ट असतो, हे वाचून मला हसू आले होते, पण आपल्याही गुरांच्या कानात आता बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि त्यावरून लसीकरणाची नोंद निघते, तेव्हा हसण्याचे कारण फारसे उरलेले नाही. मग चाल, डोळे, नाक, शेण, पाण्याची टाकी, फाटक, आणि शेवटी मोकाट सोडलेली कुत्री. कुत्र्यांबद्दल बहीण फार कडक आहे. हीथवर रातवा जमिनीवरच अंडी घालतो, म्हणून १ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या माळांवर कुत्र्याला आखूड दोरीने बांधूनच नेण्याचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्यांशी ती भांडते. रातवा आपल्याही पठारांवर असतो. संध्याकाळी उतरताना रस्त्यावर बसलेला दिसतो, आणि बहीण ज्याच्यासाठी भांडते तोच हा पक्षी, निदान त्याचा भाऊबंद, असे मनात येते.

साताऱ्यात आम्ही आठजण आहोत. त्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आहेत, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात. एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी आहेत, ज्यांना डॉक्टर म्हणतात. बाकीचे माझ्यासारखे रविवारी मोकळे असणारे. गावाशी आमचे ठरले ते एवढेच, की श्रावणापासून आश्विनापर्यंत पठाराच्या मधल्या पाणथळीत गुरे जाऊ द्यायची नाहीत, बाकीच्या भागावर नेहमीसारखी चारायची, आणि आम्ही वही ठेवायची, म्हणजे वर्षाअखेरीस कोणी काय म्हटले यावर न भांडता वहीत काय आहे यावर भांडता येईल.

भांडण आहेच, आणि ते जुने आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागतिक वारसा स्थळांपैकी एक झाले. महाराष्ट्रातली त्यातली चार स्थळे म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासवर पर्यटकांची रीघ लागली तसे तिथे कुंपण आले, कुंपणामुळे चराई थांबली, मग गुरे थांबल्याने गवत माजले आणि फुले कमी झाली अशी ओरड सुरू झाली, आणि पुढे कुंपण काढले गेले. गुरे फुले खातात म्हणून ती हाकला असे म्हणणारे आणि गुरांमुळेच फुले आहेत असे म्हणणारे, दोघेही साताऱ्यातल्या एकाच हॉटेलात मिसळ खाताना मी ऐकले आहेत. माझे मत विचाराल तर दोघांनीही किती गुरे, कोणत्या महिन्यात, पठाराच्या कोणत्या भागात, हे तीन प्रश्न विचारलेले नाहीत.

पठार म्हणजे जांभ्याची ताटली. काही ठिकाणी खडक उघडा आहे, काही ठिकाणी त्यावर बोटभर माती आहे, आणि खोलगट भागात पावसाळ्यात उथळ पाणी साचते. ही माती इतकी निकस, की नायट्रोजन मिळवण्यासाठी तिथल्या काही वनस्पतींनी किडे खाण्याचा मार्ग धरला आहे. दवबिंदूची लालसर पाने चिकट थेंबांनी किडा धरतात, सीतेची आसवे म्हणून जी निळीजांभळी फुले सर्वांना ठाऊक आहेत तिच्या मुळाशी लहान पिशव्या असतात आणि त्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढले जातात. मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावले की अशा जागी खत पडणे हे संकट आहे. आपल्या गावठी गाईचे शेण दिवसाला दहा किलोच्या आसपास पडते. दहा-वीस गुरे रोज दुपारी त्या डबक्यांभोवती बसू लागली तर तिथे पोसलेले गवत वाढणार आणि गेंद, दवबिंदू, आसवे यांना जागा उरणार नाही. उलट पठाराच्या कडेने, जिथे माती जरा खोल आहे, तिथे गुरांनी गवत खाल्ले नाही तर सोनकी आणि तेरड्याला उजेड मिळत नाही. गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा वेढा घेऊन तोडते, त्यामुळे बुडखा राहतो. शेळी मात्र निमुळत्या तोंडाने फुलांची रोपटीही निवडून खुडते. म्हणून आमच्या ठरावात शेळ्यांना वर बंदी आहे आणि त्यावरून एका घराशी आमचे अजून बोलणे नाही.

सोनकीचे एक नवल सांगण्यासारखे आहे. बहिणीच्या यादीत एक ओळ होती, 'रॅगवर्ट दिसल्यास उपटून कळवणे.' रॅगवर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती पोटात गेली, विशेषतः वाळलेल्या चाऱ्यातून गेली, तर गुरांचे यकृत निकामी करते. ती पूर्वी सेनेसिओ या प्रजातीत गणली जाई, आणि आपली सोनकी, जिच्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून येतात, तीही सेनेसिओच. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच न्हाई खात ती." आमच्या गुरांनी सोनकीला तोंड लावलेले मीही आजवर पाहिलेले नाही.

तात्या म्हणजे गुराखी. पासष्टीचे आहेत, गावातल्या अकरा घरांची गुरे राखोळीवर सांभाळतात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि खांद्यावर घोंगडी घेतात आणि पावसात विडी पेटवण्याची त्यांची हातोटी आमच्यापैकी कोणालाही साधलेली नाही. त्यांच्या लहानपणी पठारावर याच गावची दोनशेच्या वर गुरे असत. माणसे माथाडीच्या कामाला मुंबईला गेली, गोठे रिकामे झाले, आणि आता तेहतीस गाईबैल आणि नऊ म्हशी, अशी बेचाळीस उरली आहेत. तात्यांच्या मागे गुरे राखायला कोणी नाही. बहिणीशी बोलताना मी हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे लुकर आहेत ते याच कारणाने. तुझ्याकडे अजून माणूस आहे, त्याच्याकडून जे शिकायचे ते शिकून घे." मला तेव्हा हा सल्ला जरा आगाऊपणाचा वाटला, कारण यादी माझ्या हातात होती आणि यादीत सगळे होते.

पहिले काही रविवार मी फार शिस्तीने काम केले. बेंदूर होऊन थोडेच दिवस झाले होते. आमच्याकडे पोळ्याऐवजी आषाढात बेंदूर होतो आणि बैलांबरोबर गाईंचीही शिंगे रंगवतात; प्रत्येक घराचा रंग वेगळा, म्हणून मी शिंगांच्या रंगांवरून घरे ओळखण्याचा तक्ता केला. दोन आठवड्यांच्या पावसाने तो तक्ता धुऊन टाकला. मग मी केवळ आकड्यावर आले. डॉक्टरांनी एकदा विचारले, "कास बघितली का?" मी पठाराच्या दिशेला बोट दाखवून परवाच जाऊन आल्याचे सांगितले. ते गाईच्या ओटीबद्दल विचारत होते. पठाराचे नाव कासा नावाच्या झाडावरून पडले असे सांगतात. गाईची कास वेगळी, तिच्याकडे रोज बघावे लागते, कारण एका बाजूला सूज आणि हाताला गरम लागणारा सड म्हणजे कासदाहाची सुरुवात असते.

डॉक्टरांनी शिकवले ते बरेचसे असे जवळून बघण्याचे होते. निरोगी गाईची नाकपुडी ओलसर असते. बसलेली गाय रवंथ करत असली तर चिंता कमी. बसलेली आहे, रवंथ नाही आणि कान लोंबले आहेत, तर जवळ जावे. पावसाळी कोवळ्या गवताने शेण पातळ होतेच, त्याने घाबरू नये, पण शेणात रक्त किंवा आव दिसली तर लिहावे. पाय ओला राहून खुरांच्या फटीत सडतो, आणि जांभ्याचा खडा त्या फटीत अडकला तर गाय पाय टेकत नाही. २०२२ मध्ये लम्पी या त्वचारोगाची मोठी साथ आली तेव्हापासून अंगावरच्या गाठी बघण्याचा रकाना आम्ही वाढवला. गोचीड कानांत आणि शेपटीखाली शोधावा. हे सगळे मी शिकले, आणि तरी भाद्रपदातल्या त्या रविवारी जे झाले ते झाले.

त्या दिवशी धुके असे होते, की चाळीस पावलांवरचे जनावर म्हणजे नुसता काळसर ठिपका. गुरे पठाराच्या पश्चिमेच्या कडेला, कारवीच्या दाट जाळीला लागून, मांडीएवढ्या गवतात चरत होती. मी वहीवर प्लास्टिक धरून एका टोकापासून मोजत गेले, परत उलट मोजत आले आणि दोन्ही वेळा बेचाळीस आले. गणिताच्या शिक्षिकेला दोनदा तेच उत्तर आले की पडताळा झाला असे वाटते. मी 'एकूण ४२, लंगडे ०, जखमी ०' असे लिहिले आणि तात्यांना हाक मारून सांगितले, "तात्या, सगळी आहेत हो."

तात्या घोंगडी सावरत आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि धुक्यात बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आकडा बराबर हाय, बाई. पर काजळी कुठं हाय?"

काजळी म्हणजे डोळ्यांभोवती काळी कडा असलेली एक तांबूस गाय. ती नव्हती. मी म्हणाले की ती नसती तर एकेचाळीस आली असती. तात्यांनी माझ्या दंडाला धरून मला एक पाऊल मागे ओढले आणि हनुवटीने कडेच्या एका काळ्या पाठीकडे दाखवले. "म्हशी नऊ हायती. ह्यो दहावा कोण? हळूहळू मागं या. पळू नगा."

धुके थोडे सरकले तेव्हा त्या पाठीवर खांद्यापासून मध्यापर्यंत गेलेला उंच कणा दिसला, आणि तो गवतातून एक पाऊल पुढे आला तेव्हा गुडघ्याखालचे पांढरे मोजे दिसले. तो गवा होता, एकटा नर. त्याचे वजन आठशे-हजार किलोपर्यंत भरू शकते, हे मला माहीत होते. शेजारी चरणाऱ्या म्हशीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. त्या दोघांना एकमेकांचे काही नव्हते. घाम मला फुटला होता. दहा-बारा मिनिटांनी तो आपण होऊन कारवीत शिरला, आणि एवढा मोठा देह शिरताना जेमतेम काटक्या मोडल्याचा आवाज आला.

माझ्या वहीत त्या दिवशी संख्या बरोबर होती आणि तिच्यातली दोन जनावरे चुकीची होती. एक हवे असलेले तिथे नव्हते, एक नको असलेले धरले होते, आणि बेरीज जुळली. शाळेत असे उत्तर आले की आम्ही पायऱ्या तपासायला सांगायचो. मी पायऱ्या ठेवल्याच नव्हत्या. गाई किती, म्हशी किती, हे वेगळे लिहिले असते तरी बत्तीस आणि दहा असे दिसून चूक सापडली असती. तात्या मात्र मोजतच नाहीत. ते नजर फिरवतात आणि वर्गात कोण आले नाही हे जसे मला फळ्याकडे पाठ फिरवताच कळायचे, तसे त्यांना कळते.

गवा गुरांत येतो ही गोष्ट डॉक्टरांनी माझ्याइतकी हसण्यावारी नेली नाही. लाळ्या-खुरकुतासारखे रोग गुरांकडून गव्यांत जाऊ शकतात. बुळकांडी हा रोग २०११ मध्ये जगातून संपला असे जाहीर झाले, पण त्याआधी त्याच्या साथीत दक्षिणेतल्या जंगलांत गवेही मेले होते. म्हणून पावसाळ्याआधीच्या लसीकरणात एकही जनावर सुटू नये हे त्या रविवारपासून त्यांनी मनावर घेतले, आणि कानातल्या बिल्ल्यांचा मी टाळलेला रकाना पुन्हा सुरू झाला. धुक्यात बिल्ला वाचता येत नाही, तेव्हा तो गोठ्यात, संध्याकाळी, दूध काढताना वाचायचा असे ठरले.

काजळी मात्र त्या दिवशी दोन तासांनी सापडली, आणि सापडली तीही पठारावर नव्हे. ती खाली डांबरी रस्त्याला, कणसे विकणाऱ्या गाडीमागे उभी होती. पुढे मक्याच्या सालींचा ढीग होता, पण ती साली खात नव्हती. वेफर्सची रिकामी पिशवी खुराखाली धरून ती आतला चांदीसारखा भाग चाटत होती, इतक्या एकाग्रपणे, की तात्यांनी हाक मारली तरी तिने कान हलवला नाही. पिशवीचा अर्धा भाग आधीच पोटात गेला होता. गाईच्या पोटात प्लास्टिक गेले की ते कुजत नाही आणि बाहेरही येत नाही, वर्षानुवर्षे साचत राहते, आणि एके दिवशी गाय चारा सोडते. गाडीवाल्याला बोलण्यात अर्थ नव्हता. पिशवी त्याची नव्हती. ज्यांची होती ते तेव्हा तेरड्यात उभे राहून फोटो काढत असणार, आणि त्यांच्यापैकीच एकीने मागच्या वर्षी मला विचारले होते, "इथे गुरे सोडतात, कोणी काही म्हणत नाही का?"

परतताना तात्या म्हणाले, "मिठाला गेलती ती." इतक्या पावसात वाढलेल्या गवतात मीठ फार कमी असते, आणि गुरांना त्याची ओढ लागते. तात्यांचे वडील पावसाळ्यात पठारावरच्या एका सपाट खडकावर खडेमीठ ठेवत असत. गुरे दुपारी आपोआप तिथे गोळा होत आणि गुराख्याला धावपळ करावी लागत नसे. नंतर गुरे कमी झाली, मीठ ठेवणे बंद झाले. आम्ही दोन वर्षे गुरांना पाणथळीतून बाहेर ठेवायला काठ्या घेऊन फिरत होतो, आणि ती मुळात तिकडे का जातात हे विचारले नव्हते. पाणथळीच्या काठच्या मातीलाही ती चाटत असावीत असे मॅडमना वाटते.

तेव्हा मीठ ठेवायचे ठरले, पण कुठे, यावर तीन रविवार गेले. तात्यांचा जुना खडक पाणथळीच्या वरच्या अंगाला होता. तिथे ठेवलेले मीठ पावसाने विरघळून सरळ डबक्यांत उतरले असते, आणि गोड्या पाण्यात उगवणाऱ्या वायतुरा या पाणवनस्पतीला खारे पाणी पाजण्याची कल्पना मॅडमना सहन होईना. दुसरी जागा उताराच्या उलट बाजूला होती, पण तिथून दरी जवळ, आणि धुक्यात एखादे कालवड घसरण्याची भीती. शेवटी उत्तरेच्या अंगाला, पाणथळीपासून अर्ध्या किलोमीटरवर, एका कातळाच्या पुढे आलेल्या ओठाखाली चाटण्याची वीट दोरीने टांगली. पाऊस तिच्यावर पडत नाही आणि पाणी पडलेच तर ओढ्याच्या बाजूला जाते. गुरांना जागा दाखवण्यासाठी तात्यांनी पहिल्या दिवशी फक्त एका म्हाताऱ्या गाईला तिथे नेले. पुढच्या रविवारी सगळा कळप तिच्या मागे आला होता.

बहिणीला मी हे लिहिले. तिच्याकडे आता गुरांच्या गळ्यात उपग्रहांवरून आपली जागा ओळखणारे पट्टे आहेत. नकाशावर रेघ ओढली की गाय त्या रेघेशी आल्यावर पट्टा आधी शीळ घालतो आणि तरीही ती पुढे गेली तर हलका झटका देतो. तिने विटेचा फोटो मागवला आणि तिच्या संस्थेतल्या लोकांना दाखवला. एका पट्ट्याच्या किमतीत किती विटा येतील असे तिने विचारले होते. मी हिशेब करून पाठवला, कारण हा हिशेब करताना तरी माझी चूक होण्याचा संभव नव्हता.

या वर्षीच्या वहीत रकाने बदलले आहेत. 'एकूण' हा रकाना आता सर्वांत शेवटी आहे आणि तो भरण्याआधी नावे लिहावी लागतात. पाणथळीतले शेणाचे पो मॅडम स्वतः मोजतात. मागच्या भाद्रपदात एका सकाळी चौदा होते, या भाद्रपदात त्याच जागी तीन. पाऊस कमी-जास्त असतो, एका वर्षावरून काही म्हणता येत नाही, असे त्या मला दर वेळी बजावतात, म्हणून मीही फक्त आकडा लिहिते आहे. काजळी गाभण आहे. तिच्या गळ्यात तात्यांनी घंटा बांधली आहे आणि रस्त्याच्या बाजूला तिचा आवाज गेला की ते विडी टाकून उठतात.

बेचाळीसपैकी एकोणतीस नावे मला आता न विचारता येतात. ढवळी, हरणी, चांदी, पोवळी, दोन बांड्या, आणि ज्याला सगळे मास्तर म्हणतात तो एक बैल, त्याचे नाव तसे का पडले हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. उरलेल्या तेरांमध्ये चार वासरे आहेत आणि नऊच्या नऊ म्हशी. म्हशी मला अजूनही सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे त्यांच्या पायांकडे मी आधी बघते.